उपरण्याखालचा हात

बायको गेली आणि मी चर्चची पायरी चढणं सोडलं. तिच्या आजारपणात गुडघे टेकले होते, देवानं ऐकलं नव्हतं. पाळकसाहेब समजावायला आले. म्हणाले, "भाऊ, आपण त्याला निवडत नाही, तोच आपल्याला निवडतो." मी भडकलो. बैलांचा धंदा मी एकट्यानं उभा केलेला. आयुष्यात सगळं मीच निवडलं. म्हटलं, "निवडलंय ना? मग येऊ दे की न्यायला!"

बैलबाजारात उपरण्याखाली हातात हात धरून, बोटं दाबून भाव ठरतो. हात काढला की सौदा मोडला. माझी रीत अशी, की रागानं आधी आपणच हात काढायचा. गरजू माणूस मागं येतोच. देवाशीही मी तेच केलं. पण रविवारी घंटा वाजली की पाय आपसूक चर्चच्या आवारातल्या चिंचेपर्यंत जायचे. आत तिचं आवडतं गीत सुरू व्हायचं आणि मी खोडाला टेकून उभा राहायचो. वाट बघून परतायचो. मागं कुणी येत नव्हतं.

यंदा बेल्ह्याच्या बाजारात जवळच्या आणे पठारावरचा एक अनोळखी शेतकरी माझ्या बैलावर अडून बसला. उपरण्याखाली हात होते.

"लई ताणता राव," तो म्हणाला. "बैल इकताय का लेक देताय?"

मी ओरडलो, आणि ओरडता ओरडताच डोळ्यांपुढं अंधारी आली.

शुद्धीवर आलो तेव्हा डोकं त्याच्या मांडीवर होतं आणि हात अजून उपरण्याखाली, त्याच्या हातात.

"सौदा मोडला का?" मी पुटपुटलो.

"तुमचा हात कवाच सुटला व्हता, पावणं. मी न्हाई सोडला. बैलाचं मागनं बगू, आदी पानी प्या."

भर बाजारात मला रडू फुटलं. मग मी त्याच्या हाताभोवती बोटं मिटली. ती मीच मिटली, कुणी बळंच मिटवली नाहीत. पण धरायला हात आधीपासून तिथं होता. चिंचेखालची ती ओढ कुणाची होती, ते तेव्हा उमगलं.

निवड देवाची किती अन् माझी किती, मला अजून सांगता येत नाही. बायको का गेली, यावरून आमचं भांडणही मिटलेलं नाही. फक्त आता मी हात काढून घेत नाही. गेल्या रविवारी चिंचेपाशी थांबलो नाही. तिच्या रिकाम्या जागेवर जाऊन बसलो आणि प्रभुभोजनाच्या भाकरीसाठी हात पुढं केला. प्रभू, माझी पकड कच्ची आहे. तुझी तशी नाही, एवढ्यावरच आलोय.