काष्टीच्या रानातली दुभाषी

सुमली जूनमध्ये निवासी शाळेत जाणार नाही. तिच्या शाळेतल्या सुरेखाबाईंनी परवा फोनवर हे पक्कं सांगितलं. तिचे वडील ज्या टोळीत मजुरी करतात, ती होळीसाठी सातपुड्यातल्या गावी गेली, तिथून परस्पर जुन्नरकडे कांदा काढायला उतरली. सुमली टोळीबरोबर आहे. पाचवीची जी जागा बाईंनी तिच्यासाठी धरून ठेवली होती, ती दुसऱ्या मुलीला मिळाली.

या ब्लॉगचे वाचक मला बहुतेक वेळा शिर्डीच्या गाड्या आणि खोल्या विचारतात. फेब्रुवारीत मी शिर्डीलाच निघाले होते. सुरेखाबाई माझ्या जुन्या ओळखीच्या. वाटेत श्रीगोंदा तालुक्यातल्या काष्टीला एक दिवस उतर, एक मुलगी दाखवायची आहे, असं त्या बरेच दिवस म्हणत होत्या. उतरले.

पुण्याहून दौंडपर्यंत रेल्वे आणि पुढे एसटी हा सोपा मार्ग. बायकांना एसटीत निम्मं तिकीट आहे, त्यामुळे जीपच्या नादी लागू नका. भीमेचा पूल ओलांडला की ऊस, कांदा आणि लिंबोणीच्या बागा सुरू होतात. बाजाराच्या दिवशी गेलात तर स्टँडवरून चालायलाही जागा नसते. मी आडवारी गेले, तेव्हा गोडीशेवेची दुकानं तेवढी उघडी होती. पावशेर घेतली, रिक्षा केली आणि कॅनॉलच्या कडेनं वस्तीवरच्या शाळेत पोचले.

दोन खोल्यांची शाळा. पहिलीच्या वर्गातली निम्म्याहून जास्त मुलं टोळीतली. त्यांच्या घरात बारेली ही सातपुड्यातली भाषा बोलतात, मराठीचा एक शब्द त्यांना कळत नाही आणि बाईंना बारेली येत नाही. बाई फळ्यावर आंबा काढत होत्या आणि त्यांच्या शेजारी एक दहा वर्षांची मुलगी उभी राहून पोरांना काहीतरी सांगत होती. पोरं हसली, मग सगळ्यांनी एका सुरात आंबा म्हटलं.

"काय सांगितलंस?" मी विचारलं.

"म्हणलं, हे खायचं न्हाई, नुसतं म्हणायचं हाय."

ही सुमली. तिसऱ्या वर्षी इथे येतेय आणि मराठी अशी बोलते की श्रीगोंद्याची नाही हे सांगावं लागतं. ती चौथीत आहे. चौथीचा वर्ग शेजारच्या खोलीत चालतो.

"मग ती तिकडे कधी बसते?" मी बाईंना विचारलं.

"बसते की, मधूनमधून," बाई म्हणाल्या. मग खडू खाली ठेवून हळू म्हणाल्या, "ती तिकडे गेली की इकडे माझं काही चालत नाही गं. पोरं नुसती बघत बसतात."

तेवढ्यात दारात मोटारसायकल थांबली. टोळी ज्यांच्या बागेत कामाला होती, ते शेतकरी आले होते.

"बाई, सुमलीला सोडा जरा. एका बाईचं पोट लई दुखतंय, डॉक्टरला सांगायला कोन न्हाई."

"अण्णा, काल बी नेली तुमी."

"काल मुकादमाशी बोलायला नेल्ती. आज दवाखाना हाय. मी बोलू का त्यांच्या भाषेत?"

सुमली दोघांचं बोलणं संपायची वाट न बघता मागच्या सीटवर जाऊन बसली. परत आली तेव्हा डब्याची सुट्टी संपली होती. मेडिकलवाला तिला "आल्या का वकीलबाई" म्हणतो, हे तिनं सांगितलं. त्या बाईला काय झालं होतं, हे मी विचारलं.

"काकी म्हणली, कुनाला सांगू नको. डॉक्टरला पन लाजत लाजत सांगितलं मी."

त्या सुट्टीत मी बाईंच्या डब्यातली भाकरी आणि वांग्याची भाजी खाल्ली होती. संध्याकाळी त्यांच्या स्कूटीवर आम्ही सुमलीला घेऊन बागेतल्या खोपटांकडे गेलो. निवासी शाळेसाठी वडिलांचा होकार हवा होता. तिचे वडील, गुलसिंग, पाणी तापवत होते. हिंदी मोडकं, मोजमाप आणि मजुरीपुरतं. त्यामुळे बाई बोलल्या ते सुमलीनंच सांगितलं आणि ते बोलले तेही तिनंच.

बाई बराच वेळ बोलल्या. राहणं-खाणं फुकट, मुलींचीच शाळा, दहावीपर्यंत काळजी नाही. सुमलीनं दोनच वाक्यं सांगितली.

"एवढंच?"

"बाकीचं मी मागंच सांगितलंय, बाई."

"मग काय म्हणाला?"

"बा म्हणतोय, शिकली की. मराठी बोलती की."

गुलसिंग सावकाश बोलत राहिले. सुमली एकेक वाक्य आमच्याकडे देत होती, तेच सपाट स्वरात, जसं डॉक्टरला सांगत असेल. ती मराठी शिकायच्या आधी, दुसऱ्या एका गावी, त्यांच्या भावाचं पोर तापानं गेलं. तीन दिवसांपासून ते काही खात नाही, एवढंही दवाखान्यात कुणाला सांगता आलं नव्हतं. आता सगळी टोळी हिच्या भरवशावर बाहेर पडते.

"बा म्हणतोय, हिला ठेवली तर आमी बोलायचं कसं?"

शेवटी मी सुमलीला विचारलं, "तुला जायचंय का त्या शाळेत?"

तिनं प्रश्न कळल्यासारखी मान हलवली, वडिलांकडे वळली आणि माझा प्रश्न त्यांना बारेलीत सांगितला. मग ते काय म्हणतात याची वाट बघत उभी राहिली.

होकार न मिळताच आम्ही दोघी स्कूटीवर परतलो.

दुसऱ्या दिवशी नगरहून शिर्डी. राहुरीच्या पुढे रस्त्याची कामं चालू असतात, हातात वेळ ठेवून निघा. शिर्डीत देवळाजवळच्या खोल्या सुट्टीच्या दिवशी दुप्पट होतात; स्टेशनरोडकडे जरा आत शोधा. हार विकणाऱ्या एका बाईनं मला तेलुगूत हाक मारली, मग हिंदीत, मग मराठीत. गिऱ्हाईकाची भाषा इथे आठवड्याभरात येते. काष्टीच्या दवाखान्यात, मेडिकलमध्ये, शाळेत, तीन वर्षांत बारेलीची चार वाक्यं कुणाला आली नाहीत. गरज पडली नाही; सुमली होती.

घरी आल्यावर शिर्डीची माहिती एका बैठकीत लिहून झाली, काष्टीचं लिहायला धजत नव्हते. वडिलांना समजावता आलं असतं, असं पहिले काही दिवस वाटायचं. आता वाटत नाही. त्यांचं म्हणणं खरं होतं. बाईंनी तिला वर्गात वापरली तेही पोरांसाठीच. प्रत्येकाकडे कारण होतं आणि चौथीचा वर्ग शेजारच्या खोलीत चालू होता.

टोळी दिवाळीनंतर काष्टीला परतेल, असं बागमालकांनी बाईंना सांगितलंय. या वेळी पहिलीची नवी पोरं जास्त असतील. सुमलीचं नाव पटावर कुठल्या वर्गात घालायचं, ते बाईंना ठाऊक नाही. पाचवी त्यांच्या शाळेत नाही.

"पण ती येईल," फोन ठेवताना त्या म्हणाल्या. "पोरांना वर्गात बसवायला तरी येईल."