भावजींनी सांगितलेला चंद्रोदय

मोदकाचं सारण तयार होतं, उकड निम्मी मळून झाली होती, तेवढ्यात गच्चीवरून भावजींची हाक आली, "वहिनी, निघाला! ताट आणा."

उकड तशीच झाकली, हात धुतले आणि अर्घ्याचं ताट घेऊन वर गेले.

भावजी म्हणजे माझे धाकटे दीर, जनार्दन. ट्रान्सफॉर्मरच्या कारखान्यात जन्म गेला, लग्न केलं नाही. झाशीत दतिया गेटजवळच्या आमच्या गच्चीवर त्यांनी स्वतः जुळवलेली दुर्बीण आहे. दिनदर्शिकेत संकष्टीचा चंद्रोदय मुंबई-पुण्याचा छापलेला. इथे तो आधी होतो. म्हणून इथली आमची मोजकी मराठी घरं भावजींनी सांगितल्यावरच उपास सोडतात. "भावजी बोले क्या?" असा फोन आला की मी हो म्हणायचं, अशी रीतच पडली.

चंद्राचं त्यांना भारी वेड. माझ्या नातीला, कश्मिराला, सांगायचे, "तो ससा नाही गं, काळा खडक आहे. आतून लाव्हा वर आला नि खोलगट जागी थिजला. बाकीचे खड्डे आदळलेल्या दगडांचे."

मी मधेच विचारलं होतं, "एवढे जुने खड्डे बुजले कसे नाहीत हो?"

"बुजवणार कोण वहिनी? तिथे ना वारा, ना पाऊस."

पुढे साखरेनं त्यांच्या डोळ्यांचा पडदा खाल्ला. ग्वाल्हेरच्या डॉक्टरांनी साफ सांगितलं, "जो चला गया, वो नहीं लौटेगा." तरी मी बाप्पाला सोडलं नाही. आजची संकष्टी भावजींच्या डोळ्यांसाठीच धरली होती.

त्यांनी बोट दाखवलं तिकडे तोंड करून मी डोळे मिटले, मागायचं ते मागितलं, अर्घ्य दिलं. शेजारच्या प्रेमलाताईंचा फोन आला, त्यांना हो सांगितलं.

मागून कश्मिरा आली. "आजी, जल किसको चढ़ाया? वो तो मॅरिज गार्डन की लाइट है!"

बघितलं. धुक्यात लग्नाच्या लॉनवरचा पिवळा, गोल दिवा. भावजींनी बोट खाली घेतलं.

ते ऐकून प्रेमलाताई पलीकडच्या गच्चीवर आल्याच. "काय हो जनार्दनराव, स्वतः बोहल्यावर चढला नाहीत, आम्हाला मात्र मांडवाच्या दिव्याला हात जोडायला लावलेत! मी तर उपास सोडूनही बसले." सगळे हसलो. भावजीही हसले. मग त्या जरा नरमाईनं म्हणाल्या, "पुढल्या वेळेपासून मोबाइलवर बघत जाऊ. तुम्हाला कशाला उगाच त्रास!"

खरा चंद्र वर आला तेव्हा भावजी दुर्बिणीला डोळा लावून बराच वेळ वाकून राहिले.

"दिसतो का?"

"कडेकडेनं. मधे काहीच नाही, पुसून घेतल्यासारखं."

कश्मिराला वाईट वाटलं असावं. त्यांच्या बाहीला धरून म्हणाली, "काका आजोबा, ये चाँद आया कहाँ से?"

"पृथ्वी कोवळी होती म्हणतात, तेव्हा मंगळाएवढा एक गोळा येऊन तिच्यावर आदळला. उडालेला तापलेला माल तिच्याभोवती फिरत राहिला, गोळा होत होत हा झाला. वर कवच, आत जाड खडक नि मधोमध लोखंडाचा लहानसा गाभा."

"और वो गोला?"

"तो संपला. थोडा पृथ्वीत मुरला, थोडा यात. त्याचं असं वेगळं काही उरलं नाही."

मी खऱ्या चंद्राला पुन्हा अर्घ्य दिलं. मंत्र म्हटला, पण मागणं काही ओठांवर येईना. डॉक्टरांचं वाक्य आज पहिल्यांदा मला खरं वाटलं. देवा, क्षमा कर.

भावजींनी दुर्बिणीवर फडकं घातलं, चाचपून गाठ मारली. "वहिनी, मला एक काठी लागेल. पांढरी असते ना, तसली."

"आणते," म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

खाली उकड वाळली होती, मोदक वातड झाले. भावजींनी एकच घेतला.

उद्या पूजा आटोपली की इलाइट चौराह्यावरच्या बाजारात जाऊन पांढरी काठी आणायची आहे.