कात्रीत सापडलेलं वाक्य

चष्म्याच्या दुकानात काचा घासून घासून तिच्या बोटांची टोकं गुळगुळीत झाली होती. लग्नाआधीपासून ती तिथंच कामाला. लेक शिकायला बाहेर गेल्यावरही तिथंच राहिली असती, पण एके दिवशी दुकानासमोरच्या चौकात एका मोटारीनं हातगाडीला उडवलं आणि तिनं ते काउंटरमागून पाहिलं. साक्षीला बोलावणं आलं. ती सगळं मनाशी घोकून गेली. वकिलानं विचारलं, सिग्नल कुठल्या रंगाचा होता? तिनं रंग सांगितला आणि पुढं, हातगाडीवाला आधी कसा थांबला, त्यानं वळून कसं पाहिलं, ते सांगायला लागली.

"बाई, विचारलं तेवढंच सांगा," वकील म्हणाला.

ती तणतणत घरी आली. तेवढंच म्हणजे केवढं, आणि ते ठरवणारा कोण, असं विचारून विचारून तिनं नवऱ्याचे कान किटवले. नवरा घरोघरी विजेची कामं करून दमून यायचा. एवढंच असेल तर जाऊन शीक ना वकिली, असं तो वैतागून म्हणाला. त्यानं ते बोलून सोडून दिलं, तिनं मनावर घेतलं. कॉलेज तिनं लग्नाआधीच पुरं केलं होतं. पुढच्या सत्राला संध्याकाळच्या लॉ कॉलेजात तिचं नाव लागलं.

वर्गातली मुलं लेकीच्या वयाची. पहिल्याच आठवड्यात ती सगळ्यांची मावशी झाली. त्याचं तिला काही वाटलं नाही. वाटलं ते टिपणांचं. तिथं रोज जुन्या खटल्यांचे निकाल वाचायचे आणि प्रत्येकाचं एका पानात टिपण करायचं: घडलं काय, कोर्टापुढचा प्रश्न कोणता, निकाल काय आणि तो का. मुलं हे चटाचट उरकायची. मावशीचं टिपण मूळ निकालापेक्षा लांब व्हायचं. वादीच्या आईचा दमा, प्रतिवादीच्या दाराचा रंग, यातलं काही गाळायचं म्हटलं की तिच्या जिवावर यायचं. सांगणाऱ्यानं कोर्टात उभं राहून सांगितलंय, मग आपण कोण ते खोडणार?

शिकवणारे सर तुटक बोलायचे. त्यांनी तिची पानं हातात तोलून पाहिली आणि म्हणाले, "हे टिपण नाही, गुऱ्हाळ आहे. अर्धं पान. उद्यापासून."

मुलं हसली. तीही हसली, पण बसमध्ये बसल्यावर तिनं ती पानं पिशवीच्या तळाशी कोंबली. आपल्या वयाला हे झेपायचं नाही, असं तिला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं.

मग तिनं कात्री चालवायला घेतली. पुढचा खटला शिलाई मशीनचा होता. कपडे शिवणाऱ्या एका बाईनं मशीन दुरुस्तीला दिलं. शेजारच्या दुकानाला आग लागली, ती पसरली, दुरुस्तीचं दुकान जळालं आणि त्यात मशीनही गेलं. बाईनं दुरुस्तीवाल्यावर दावा लावला, भरपाई मागितली. कोर्टानं ती दिली. मावशीनं दात ओठ खाऊन सगळं अर्ध्या पानात बसवलं आणि सुट्टीच्या दिवशी सकाळी मोठ्यानं वाचून पाहिलं.

सासरे खिडकीशी बसले होते. त्यांनी उभी हयात रेडिओ दुरुस्त केले होते, आणि ऐकायला कुणी असलं की त्यांना हुरूप यायचा. पण हा निकाल ऐकून ते उखडलेच.

"आग लावली शेजाऱ्यानं आणि भरायचं कारागिरानं? हा कुठला न्याय, सूनबाई?"

कायद्यात आहे तसं, ती म्हणाली. कुठल्या कायद्यात, त्यांनी विचारलं. दुसऱ्याची वस्तू ताब्यात असली की तिची काळजी घ्यावी लागते, ती म्हणाली. मग त्यानं काय निष्काळजीपणा केला, ते सांग. तिनं टिपण वरपासून खालपर्यंत पुन्हा पाहिलं. टिपणात निकाल होता, पण निकालाचं कारण लंगडं होतं. सासऱ्यांनी बोलणंच टाकलं. जेवतानासुद्धा त्यांनी तिला मीठ मागितलं नाही, नवऱ्याकडून मागवलं.

त्यांना गप्प करायचं म्हणून दुपारी तिनं मूळ निकाल काढला आणि त्यांच्यासमोर बसून पहिल्या ओळीपासून वाचायला लागली. बाईची मुलं आली, मशीनचा रंग आला, दुकानाचं कुलूप आलं. शेजारच्या वायरिंगमधून आठवडाभर ठिणग्या उडत होत्या, हे आलं. आणि मग, कुलपाच्या वर्णनाला चिकटूनच, एक वाक्य आलं: आगीच्या आदल्या दिवशी दुरुस्तीवाल्यानं स्वतःची महागडी अवजारं घरी हलवली होती.

तिनं ते वाक्य पुन्हा एकदा वाचलं.

"स्वतःची हलवली?" सासऱ्यांनी विचारलं. "आणि गिऱ्हाइकाचं मशीन तिथंच?"

"तिथंच."

"मग चुकलं त्याचं," ते म्हणाले, आणि चहा मागितला.

मावशी मात्र उठलीच नाही. चहा नवऱ्यानं केला. ते वाक्य तिनं पहिल्या वाचनातच पाहिलं होतं, आधी केलेल्या लांब टिपणात उतरवलंही होतं, आणि छोटं करताना तिनंच ते उडवलं होतं. रंग आणि वाक्य, दोन्ही तिला सारखीच वाटली होती. आता तिनं प्रत्येक गोष्टीला एकच प्रश्न लावला: हे असं नसतं, तर निकाल बदलला असता का? मशीन काळ्याऐवजी हिरवं असतं तर? नाही. बाईला मुलं नसती तर? तिला वाईट वाटलं, पण नाही. अवजारं हलवली नसती तर? तिनं खोडलेली ओळ पुन्हा लिहिली आणि तिच्याखाली रेघ मारली.

वर्गात सरांनी नेमकं तिलाच उभं केलं. तिनं चार वाक्यांत खटला मांडला. कुणी हसलं नाही. सरांनी विचारलं, समजा त्यानं काहीच हलवलं नसतं?

"तर तो बहुधा सुटला असता, सर. धोका त्याला कळला होता, याला दुसरा पुरावाच नाही."

"बसा," सर एवढंच म्हणाले. पण तास संपल्यावर मागच्या बाकावरची दोन मुलं तिच्याजवळ आली आणि पुढचा खटला तिच्यासोबत वाचता येईल का, असं चाचरत विचारू लागली. सुट्टीच्या दिवशी मग ती मुलंही घरी यायला लागली. सासरे प्रत्येक खटल्यात अर्धवट ऐकूनच बाजू घ्यायचे आणि हरले की निकाल पुन्हा वाचायला लावायचे.

पहिल्या वर्षी ती एका विषयात गटांगळी खाऊन वर आली, पुढच्या वर्षी बरी निघाली, शेवटच्या वर्षी चांगली. सनद मिळाली तेव्हा केसांत पांढरं बरंच झालं होतं. चष्म्याच्या दुकानाच्या मालकानं तिला नवी फ्रेम बसवून दिली आणि म्हणाला, आता जरा वकिलीणबाई दिसता.

पहिल्या दिवशी ती वरिष्ठ वकिलाच्या वतीनं कोर्टात उभी राहिली. काम एवढंच होतं की पुढची तारीख मागायची. तिनं एका वाक्यात मागितली, आणि ती मिळाली. बाहेर व्हरांड्यात येऊन तिनं घरी फोन लावला. सासऱ्यांनी उचलला आणि आधी विचारलं, आपण जिंकलो का?

"तारीख मिळाली, बाबा," ती हसू दाबत म्हणाली. "पुढच्या महिन्यात पुन्हा जायचंय."