गादीखालचं झुडूप

नेनेकाका पाहुण्याला पाणी विचारण्याआधी त्याचं वजन विचारत. दुबईत अल कुसैसच्या त्यांच्या फ्लॅटवर मी पहिल्यांदा गेलो, तेव्हा मला नखशिखान्त न्याहाळून त्यांचा चेहरा उजळला. "यल्ला, तू मधल्या सीटवर बस. आणि प्लीज, हलू नकोस." माझ्या देहाची सगळ्यांनी चेष्टाच केली होती, कदर केली ती या माणसाने.

त्यांच्या सोफ्याच्या प्रत्येक गादीखाली वर्तमानपत्रात एकेक झुडूप वाळत असे. नोकरी एसी दुरुस्तीच्या कंपनीत, पण जीव अडकला होता एकोणिसाव्या शतकातल्या एका जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञात. तो उंटावरून अरबस्तान हिंडला आणि झाडंझुडपं दाबून, वाळवून मायदेशी घेऊन गेला. काका त्याला 'साहेब' म्हणत. "साहेबांकडे सोफा नव्हता रे. काय हाल झाले असतील." साहेबांच्या संग्रहातली या भागातली सगळी झाडं आपणही गोळा करायची, हा काकांचा ध्यास. रिटायरमेंट जवळ आली तेव्हा एकच उरलं होतं.

तेही त्या हिवाळ्यात उम्म अल कुवैनला एका गॅरेजमागे सापडलं. फोनवर काका चक्क रडले. "कलेक्शन कम्प्लीट. आता तू पोटभर जेव आणि बसायला ये."

झुडूप सुरेख वाळलं. मग गणपती आले. इथे सगळी पत्री मिळणं कठीण. काकूंना एक कमी पडली, ती त्यांनी घरातूनच काढून वाहिली. आरती म्हणता म्हणता काका वाकून बघू लागले. मूर्तीपुढे हळदकुंकू लागलेलं, पळीभर पाणी पडलेलं साहेबांचं झुडूप होतं.

"अहो, देवालाच वाहिलंय, कचऱ्यात नाही टाकलं," काकू म्हणाल्या.

वाहिलेलं उचलायचं कसं? काका दीड दिवस मूर्तीसमोरून हलले नाहीत. आलेगेलेले त्यांच्या भक्तीने भारावून गेले. विसर्जनानंतर त्यांनी निर्माल्यातून झुडूप अलगद काढलं आणि त्याच्या कागदावर लिहिलं, 'स्थळ उम्म अल कुवैन, सौजन्य गणपती.'

पुढच्याच आठवड्यात ते कायमचे पुण्याला निघाले. एअरपोर्टवर कागद माझ्या हातात दिला. "ओलं आहे अजून, बॅगेत कुजेल. तूच बस यावर. वाळलं की पोचव."

ते केव्हाच कडकडीत वाळलं आहे. पण काकांचा दर रविवारी फोन येतो, "वाळलं का रे?" पोचवलं की हा फोन बंद होईल.

"अजून नाही, काका. पुढच्या आठवड्यात, इन्शाल्ला."

दुबईच्या हवेत झुडूप किती दिवसांत वाळतं, हे त्यांना ठाऊक नसेल असं नाही. तरी ते म्हणतात, "बरं, बस मग. हलू नकोस."