तुळजाचा खांब

कल्पना करा, तुमच्यासमोर सिमेंटचा विजेचा खांब उभा आहे. माडीच्या घरापेक्षा उंच, खाली रुंद, वर निमुळता. शिडी नाही. चपला काढायच्या, दोन्ही हातांनी खांबाच्या मागच्या कडा धरायच्या, उघडे तळवे पुढून दाबायचे आणि अंग मागं झोकायचं. पहिल्यांदा चढणारा भीतीनं खांबाला मिठी मारतो आणि तिथंच घसरतो. खांबाला मिठी मारायची नसते. त्याच्यापासून जरा लांब राहिलं तरच पायाला पकड येते. वर पोचलं की कमरेचा पट्टा खांबाभोवती आवळायचा, मग दोन्ही हात कामाला मोकळे.

आता अशीही कल्पना करा, की तुम्ही अर्ध्यावर आहात आणि डोळ्यांपुढं अंधारी आली.

तुळजाला आली. बीदरच्या बाहेर वीज कंपनीचं प्रशिक्षणाचं मैदान आहे, तिथं, सगळ्यांसमोर. तिनं डोळे मिटले, कपाळ सिमेंटला टेकवलं आणि हळूहळू सरकत खाली उतरली.

"काय अक्का, खांब हाललाय का तू?" शिकवणारे ईरण्णा सर खालून म्हणाले. पोरं हसली.

"सकाळी खाल्लं न्हाई सर," तुळजा म्हणाली. तिलाही तेच खरं वाटत होतं.

तुळजा बसवकल्याण तालुक्यातल्या मंठाळची. आज्जाच्या काळापर्यंत घरात मेंढरं होती, आता बाप दुसऱ्याच्या रानात कामाला जातो. तिनं आयटीआयला इलेक्ट्रिशियन केलं तेव्हा गावातली पोरं म्हणाली होती, "आता तुळजा आमच्या घरचा फ्यूज बसवणार." भरतीच्या दिवशी मात्र त्यातली दोन पोरं खांबाच्या मध्यातून परत आली आणि तुळजा वर जाऊन आली. त्यानंतर तिच्या आयुष्यात सगळं एकदमच आलं. नोकरीचं पत्र आलं, त्याच्या पाठोपाठ स्थळ आलं, आणि हळद उतरायच्या आत प्रशिक्षणाची तारीख आली. नवरा अनिलकुमार कलबुर्गीला डाळमिलमध्ये मशीनवर होता. तो तिकडं राहिला. तुळजानं बीदरच्या मैलूर भागात माडीवरची एक खोली भाड्यानं घेतली. सून एकटी कशी राहील म्हणून सासू पद्माबाई हळ्ळीखेडहून आपला तवा आणि पाटा घेऊन सोबतीला आली.

नवरा-बायकोचं एक ठरलं होतं. प्रशिक्षण संपू दे, नेमणूक पक्की होऊ दे, मग लेकराचं बघू.

अंधारीनंतर ट्रान्सफॉर्मरच्या तेलाचा वास सोसेना. एरवी तो वास तिला आवडायचा. पद्माबाईनं दोन दिवस बघितलं आणि तिसऱ्या दिवशी तिला सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरबाईंनी तपासलं आणि हसून विचारलं, "ठेवायचं आहे ना?"

"हे काय इचारणं झालं?" पद्माबाई म्हणाली.

"मी हिला विचारलं, आजी."

"सांगते," तुळजा म्हणाली. एवढंच.

डॉक्टरबाईंनी तरी सांगून ठेवलं. उंचावर चढायचं नाही, जड उचलायचं-ओढायचं नाही, पोटावर पट्टा आवळायचा नाही. तुळजा ऐकत राहिली. जे जे करू नको म्हणाल्या, तेच तर तिचं काम होतं. प्रशिक्षणाच्या शेवटी प्रत्येकानं खांबावर चढून वरच्या आडव्या पट्टीवर तार बांधून दाखवायची होती. जो दाखवेल त्यालाच नेमणूक.

रविवारी अनिलकुमार आला. पद्माबाई मुद्दाम भाजी आणायला गेली.

"तू म्हणशील तसं करू," तो म्हणाला.

"तसं म्हणू नको. तुला काय वाटायलंय ते सांग."

"मला भ्या वाटायलंय," तो म्हणाला.

"मलाबी."

मग दोघंही हसली, का ते दोघांनाही कळलं नाही. तुळजा म्हणाली, "ठेवू. पण नोकरीबी ठेवायची. दोन्हीतलं एक सोड म्हणून मला कुणी सांगायचं न्हाई. तूबी न्हाई."

"मी कामून सांगू? माझ्यापेक्षा तुझा पगार जास्त हाय," अनिलकुमार म्हणाला, आणि सासू भाजी घेऊन वर येईपर्यंत ठरून गेलं.

उरला प्रश्न मैदानाचा. तुळजाचं मत होतं, सरळ ईरण्णा सरांना सांगावं. पद्माबाईनं कानावर हात ठेवले. "तीन महिने भरूस्तवर तोंडातनं काढायचं न्हाई. माझ्या थोरलीच्या वेळी आम्ही गावभर सांगून बसलो. काय झालं? लेकरू न्हाई राहिलं."

"मग खांबावर चढू?"

"चढू नको. नवस हाय म्हण. अंबाबाईचा. पाच मंगळवार होईस्तवर पाय जमिनीवरनं उचलायचा न्हाई."

तुळजाला ते पटलं नाही, पण थोरल्या नणंदेचं नाव निघालं तसं तिला बोलवेना. दुसऱ्या दिवशी तिनं मान खाली घालून ईरण्णा सरांना नवसाचं सांगितलं.

ईरण्णा सर गळ्यातलं लिंग पूजल्याशिवाय घोटभर चहा न घेणारे. ते गंभीर झाले. "देवीच्या आणि भक्ताच्या मधी मी येत न्हाई अक्का. तू चढू नको. खालची कामं कर."

पद्माबाईच्या डोक्यात हे आलंच नव्हतं. नवसानं खांब सुटला, पण खालची कामं सगळी तुळजाच्या वाट्याला आली. अर्थिंगचा खड्डा खणायचा, त्यात मीठ-कोळसा भरायचा, लोखंडी पट्ट्या वाहायच्या आणि तारेच्या ड्रमवरून तार ओढायची. वर चढणाऱ्याला निदान मध्ये सावलीला बसायला मिळायचं. ओढणाऱ्याला तेही नाही.

तुकडीत तुळजाशिवाय एकच मुलगी होती, औरादकडची सुधारानी. तिची जीभ तिच्या पकडीपेक्षा धारदार.

"तुळजा, तुझी देवी मोठी हुशार," ती म्हणाली. "खांब बंद केला, फावडं चालू ठेवलं."

"गप ओढ."

"पण एक सांग. पाय जमिनीवरनं उचलायचा न्हाई, आणि खोली तर तुझी माडीवर हाय. जिन्यानं जातीस का उडून?"

पोरं खदखदली. तुळजाही हसली. हसतानाच ओटीपोटात बारीक चमक निघाली. तिच्या हातातून तार सुटली. ती तिथंच मातीत बसली आणि तिनं दोन्ही हात मांडीवर घट्ट धरून ठेवले. पोटावर जाऊ नयेत म्हणून.

दवाखान्यात डॉक्टरबाई म्हणाल्या, सध्या ठीक आहे, पण ओढाओढ बंद. बंद म्हणजे बंद.

घरी आल्यावर तुळजानं भाकरीचं पीठ मळायला घेतलं. पद्माबाई भिंतीला टेकून बसली होती.

"अत्त्या, आमच्या आज्जाकडं मेंढरं होती," तुळजा म्हणाली.

"म्हाईत हाय की. आमच्याकडंबी होती."

"मेंढी गाभण राहिली की आज्जा तिच्या पाठीवर गेरूचा पट्टा ओढायचा. लगेच. तीन महिने थांबायचा न्हाई. का तर, पोरांनी तिला दगड मारू नये, कुत्रं तिच्या मागं लावू नये, कळपात पुढं हाकू नये. सगळ्या रानाला कळायचं."

"आमच्यातबी ओढायचे," पद्माबाई म्हणाली.

"मग मलाच कामून लपवायलाव?"

"मेंढीला नजर लागत न्हाई बाई."

"लागते की. लांडग्याची."

पद्माबाईच्या ओठाला हसू आलं, पण तिनं ते दाबलं. भाकरी फुगली, उतरली, दुसरी तव्यावर पडली. मग ती एवढंच म्हणाली, "मला तो नवस आता खराच बोलून फेडावा लागंल. देवीचं नाव घेतलंय."

सकाळी तुळजा निघाली तर पद्माबाई डोक्यावर पदर घेऊन जिन्यात उभी. मैदानावर ती सरळ ईरण्णा सरांपुढं गेली आणि कन्नडमध्ये बोलायला लागली. घरात ती कन्नड फार बोलत नसे. खोटं कबूल करायला कदाचित सरांची भाषा सोपी गेली असेल. नवस मी रचला, सुनेचा दोष नाही, तिला दिवस गेलेत, असं सगळं तिनं एका दमात सांगून टाकलं.

ईरण्णा सरांनी कपाळावर हात मारला. "अय्यो! आणि मी हिला तार ओढायला लावायलोय!" ते तुळजाकडं वळले. "अक्का, आधी सांगायला काय झालं होतं? माझ्या घरी दोन लेकी हायत."

"सांगितलं असतं तर घरी पाठवलं असतं काय, सर?"

"मला म्हाईत न्हाई," सर म्हणाले. तुळजाला ते उत्तर आवडलं. खोटं नव्हतं.

त्या दिवसापासून ती मीटरच्या टेबलावर बसली. मीटर तपासायचे, जळालेले बाजूला काढायचे. तेलाचा वास तिथवर येत नव्हता. सुधारानी टेबलाभोवती एक चक्कर मारून गेली. दुपारनंतर तुळजा बघते तर तिच्या खुर्चीच्या पाठीला लाल पाटी लटकवलेली. लाईनवर काम करताना खालच्या स्विचला लावतात ती. *चालू करू नका. माणसं काम करत आहेत.*

"माणसं म्हणजे मोजून दोन," सुधारानी म्हणाली.

तुळजानं पाटी काढली नाही. गेरूचाच पट्टा तो, तिला वाटलं.

खांबाच्या परीक्षेचं काय, हे सरांनी वरच्या ऑफिसात विचारलं. पुढच्या तुकडीबरोबर घेता येईल असं एक जण म्हणाला, नियम बघावा लागेल असं दुसरा म्हणाला. डॉक्टरबाई म्हणाल्या, आधी सुखरूप बाळंत हो. अनिलकुमार फोनवर म्हणाला, हुईल सगळं. पद्माबाई म्हणाली, लेकरू मी सांभाळते की, पण दूध कोण पाजणार?

संध्याकाळी मैदान रिकामं झालं की तुळजा घरी जाताना खांबाजवळ थांबते. चप्पल काढते, एक तळवा सिमेंटला लावून बघते, परत चप्पल घालते. उतर म्हणून सांगणारे तिला पुष्कळ भेटले, आणि सगळे बरोबरच होते. तिला एकच विचारायचं आहे, आणि कुणाला विचारावं ते अजून कळलेलं नाही: परत चढ म्हणून कोण सांगणार, आणि कधी?