सदावर्ते पास करत नसत

सदावर्तेंच्या हातात काहीही द्या, ते आधी उलटं करून पाहत. लग्नपत्रिका असो, नवी चप्पल असो की पनागरची फुलकोबी. मग एक डोळा बारीक करून म्हणत, "ठीक आहे, पण पास नाही." तोफगोळ्यांच्या फॅक्टरीत ते आणि मी एकाच तपासणी विभागात होतो. आयुष्यभर माल नाकारण्याचा पगार घेतलेल्या माणसाला दुसरं येणार काय, असं मी त्यांना चिडवायचो. त्यावर ते हसत. म्हणजे बायको होती तोवर हसत.

ती गेली आणि त्या घरातलं बोलणंच संपलं. मुलगा ओंकार आईच्या आजारपणात भोपाळचं कॉलेज सोडून आला होता, तो परत गेलाच नाही. खोलीचं दार लावून पडून असे. ताट दाराशी ठेवायचं आणि रिकामं झालं की उचलायचं, बापलेकांचा व्यवहार तेवढाच. सदावर्ते हे मला अशा आवाजात सांगत की दुसऱ्याच कोणाच्या घराबद्दल बोलताहेत असं वाटावं. ऐकताना मलाही आत काही हलत नसे.

एक दिवस ओंकार आपणहून बाहेर आला आणि म्हणाला, गेमिंगवाला कंप्यूटर बनवायचा आहे. फार भारी नको, मधला, पण पार्ट एकेक निवडून. जेवणाच्या सुट्टीत सदावर्तेंनी मला ही बातमी सांगितली तेव्हा पोळीचा घास त्यांच्या हातातच राहिला होता.

मग दर रविवारी दोघं स्कूटरवर फॅक्टरीजवळच्या रांझीहून शहरातल्या दुकानात जाऊ लागले. परतल्यावर ओंकार बाहेरच्या खोलीत बसून फोनमध्ये दाखवत बापाला एकेक पार्ट समजावून सांगे. सदावर्ते चष्मा पुसून ऐकत आणि नाकारत. एक ग्राफिक्स कार्ड इतकं लांब की कॅबिनेटमध्ये मावणार नाही. एक पॉवर सप्लाय हातात हलका लागला, "यात वजनच नाही, तापून बसेल." एकदा दुकानदाराने स्वतःच जोडी लावून दिली, तर म्हणाले, "प्रोसेसर पहलवान अन् कार्ड मरियल, हा काय जोड झाला भैया?" ओंकार वैतागे, "बाबा, आप तो हद करते हो!" वैतागून का होईना, पोरगा बोलत होता.

एका रविवारी मीही सोबत गेलो. त्या दिवशीचं कार्ड सगळ्या बाजूंनी बसत होतं, भावही जमत होता. ओंकारचा चेहरा उजळला होता. सदावर्तेंनी खोका उलटासुलटा केला आणि काउंटरवर ठेवून दिला. "पास नाही."

ओंकार पाय आपटत बाहेर स्कूटरपाशी जाऊन उभा राहिला.

"काहून हो? काय वाईट होतं त्यात?" मी विचारलं.

"काहीच नाही."

"मग?"

"बनला की तो घेऊन आत जाईल ना, खेडकरजी. दार लावून घेईल. सध्या बोलून तर राहिला."

मला त्यांचा राग आला आणि फार वाईटही वाटलं. चांगला माल परत पाठवणं हे आमच्या धंद्यात पाप, आणि ते त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं.

शेवटी ओंकारच म्हणाला, आता बस, आहे ते घेऊ. कंप्यूटर झाला. दारही लागलं. आठवड्याने सदावर्ते माझ्याकडे आले.

"खेडकरजी, आता तुमच्यासाठी एक कंप्यूटर पाहू."

"माझ्या घरी खेळणार कोण? मला पत्तेही धड येत नाहीत."

"मालूम आहे. पण मी ओंकारला विचारीन ना, खेडकर काकांसाठी कोणता घ्यायचा. तेवढं तो सांगेल."

मी हो म्हणालो. आणि ओंकार खरंच सांगू लागला. जेवायला बाहेर येऊन बसू लागला. एकदा माझ्या प्रोसेसरवरून निघालेलं बोलणं आईच्या हातच्या भरल्या वांग्यांपर्यंत गेलं, असं सदावर्ते म्हणाले. ते सांगताना त्यांनी चहाबरोबरचं बिस्कीट उलटं करून पाहिलं नाही.

थंडीत सदावर्ते गेले, झोपेतच. ग्वारीघाटावर ओंकारने अंत्यविधीचं सगळं केलं, जसं सांगितलं तसं. तो रडला नाही. मीही नाही. घरी येऊन आंघोळ केली, जेवलो, पेपर उघडून बसलो. वाचलेलं एक अक्षर कळलं नाही.

तेराव्यानंतरच्या रविवारी ओंकार माझ्या दारात उभा होता. आत येऊन बसला. मग तुटक मराठीत म्हणाला, "काका, तुमचा वाला राहून गेला. बाबा पाहून राहिले होते. आज सगळं सही मिळालं आहे."

त्याने फोन पुढे केला. मी चष्मा लावला. प्रोसेसर, कार्ड, पॉवर सप्लाय, सगळं एकमेकांना साजेसं होतं. त्यात नाकारण्यासारखं काही नव्हतं, इतक्या रविवारांनंतर मलाही तेवढं कळत होतं.

"कार्ड मला पटलं नाही," मी म्हणालो. "दुसरं पाहू."

"काहून? क्या कमी है इसमें?" ओंकार म्हणाला, आणि खुर्ची जवळ ओढून मला पहिल्यापासून समजावून सांगू लागला.