जॉर्जियाची दोन बायबलं आणि दर्यापूरचा एक देव

मावशीची साक्ष होती त्या दिवशी दर्यापूरच्या कोर्टात जॉर्जिया या अमेरिकन राज्याचा कायदा जाणणारा एकच विद्वान हजर होता. तो मी. आपल्या देशाचा कायदा मला ठाऊक नव्हता. तो कुणी फुकट वाटत नव्हतं.

माझं सगळं शिक्षण फुकटच्या पत्रकांवर झालेलं. राजापेठेतल्या वाचनालयात त्यांचे दोन ढीग असत. गुळगुळीत कागदाचा ढीग अमेरिकेचा. तिकडे बारा साधी माणसं ज्युरीत बसून न्याय करतात, तेव्हा तिथे अन्याय उरलाच नाही म्हणे. खरखरीत कागदाचा ढीग अमेरिकेच्या वैऱ्यांचा. त्यात होतं की जॉर्जियातल्या काही कोर्टांत शपथेला दोन बायबलं ठेवतात, गोऱ्यांचं वेगळं, काळ्यांचं वेगळं. देव एकच, पण हात लागायला नको. मी इतका पेटलो की स्वतःच एक पत्रक छापून चांदूर बाजारच्या आठवडी बाजारात वाटलं. लोकांनी ते आदरानं घेतलं आणि त्यात फुटाणे बांधून नेले.

मावशीचं प्रकरण साधं होतं. खाऱ्या पाण्याच्या त्या मुलखात गावची गोड्या पाण्याची विहीर एकच, आणि तीही सरकारी. मावशीनं तिच्यात बादली सोडली, पाटलांनी दोर कापला. अस्पृश्यतेचा गुन्हा नोंदला गेला. पण विहिरीवरच्या बाकी सगळ्यांना नेमकी त्याच सकाळी डोळ्यांची साथ आली होती. कुणालाच काही दिसलं नव्हतं. मावशीची साक्ष झाली तरच खटला उभा राहणार होता.

कारकून म्हणाला, "म्हण, ईश्वराले स्मरून खरं सांगीन."

मावशीनं नकारार्थी मान हलवली.

"काहून वं बाई? बोल ना!"

"मले ते म्हनता येत नाई, सायेब. देव आमी सोडला. दीक्षा घेतली तवा तसं वचन देल्लं."

"मंग साक्ष कशी होईन? देव नाई त साक्ष नाई!"

पाटलांचे वकील हसले. "साहेब, बाई स्वतःच सांगते आहे, खोटं बोलायला तिला कशाची भीती नाही."

ज्या देवाच्या देवळाची पायरी तिला जन्मभर चढू दिली नव्हती, त्याच्या ओळखीवाचून आता कोर्टात उभं राहता येईना. मी ताडकन उठलो. "साहेब, जॉर्जियात निदान दोन बायबलं तरी—"

मॅजिस्ट्रेटांनी चष्मा वर केला. "हे जॉर्जिया कोणत्या तालुक्यात येतं?"

"अमेरिकेत, साहेब."

"मग तिकडे अपील करा. खाली बसा."

मावशीनं वळून पाहिलं. "बस रे बाबू. साक्ष माही हाय का तुही?" मग ती मॅजिस्ट्रेटांना म्हणाली, "सायेब, आमी रोज सकाळी पाच वचनं म्हनतो. त्यात एक हाय, खोटं बोलनार नाई. ते म्हनलं त चालन का?"

मॅजिस्ट्रेटांनी एक जाड पुस्तक उघडलं, बोटानं ओळ शोधली. देवाचं नाव न घेता नुसती प्रतिज्ञा केली तरी चालत होतं. म्हणजे आधीपासूनच चालत होतं. कारकून वर्षानुवर्षं ते पुस्तक न उघडता देव वाटत होता, आणि मी ते न उघडता जॉर्जिया वाटत होतो.

मावशीनं हात जोडून वचन म्हटलं आणि जे झालं ते सांगितलं. दुपारी पाटलांच्या मेव्हण्यानं ईश्वराला स्मरून सांगितलं की पाटील त्या दिवशी गावातच नव्हते. उलटतपासणीत तो ईश्वरासकट घसरला. पाटील दोषी ठरले.

त्याच आठवड्यात पाटलांनी आपल्या मळ्यात नवी विहीर खणायला घेतली. विटाळलेलं पाणी कोण पिणार? मी लगेच दुसरं पत्रक लिहायला बसलो : जॉर्जियात दोन बायबलं, आपल्या गावात दोन विहिरी.

ते छापून होण्याआधी मळ्यात पाणी लागलं. खारं लागलं.

दुसऱ्या दिवशी पाटलीणबाई रिकामी घागर घेऊन सरकारी विहिरीच्या काठावर उभ्या होत्या. घाईत दोर विसरल्या होत्या. मावशीनं आपली बादली वर ओढली, सोडवली आणि दोर त्यांच्यापुढे धरला.

"घ्या बाई. पन कापू नका, नवा हाय."